सैल छताचा मिस्त्री

माझ्याकडे येणारा माणूस प्रथम माझ्या तोंडाकडे पाहतो, मग दौतीकडे पाहतो, आणि मग हळूच विचारतो की अर्ज मंजूर होईल ना. सोलापूरच्या कचेरीसमोर लिंबाखाली बसून अर्ज लिहिण्यास मला वीस वर्षे होऊन गेली. मराठी सहावीपर्यंत माझे शिक्षण झालेले असून इंग्रजीच्याही दोन इयत्ता झालेल्या आहेत, आणि माझे अक्षर वरच्या दप्तरात लिफाफा फोडताक्षणी ओळखले जाते, असे तेथील शिपायाने मला स्वतः सांगितलेले आहे. मिस्त्री मात्र प्रथम आले तेव्हा त्यांनी ना माझ्याकडे पाहिले, ना दौतीकडे. सावलीसाठी मी चार बांबूंवर जे दोन पत्रे ठोकून घेतले होते, त्यांकडे मान वर करून ते उभे राहिले.

"ह्ये गळतंय," ते म्हणाले.

"गळत नाही. अर्ज कशाबद्दल करावयाचा आहे?"

"मग गळंल. त्यो चवथा खिळा बगा. श्रावनात तितनं येनार आनि नीट तुमच्या दौतीत पडनार."

अर्ज वगैरे काही नव्हते. ते सहज जाता जाता थांबले होते. एवढे सांगून ते निघून गेले, आणि श्रावणात एका वारसाच्या अर्जाची अखेरची ओळ लिहीत असता चौथ्या खिळ्यातून पाण्याचा थेंब पडला, तो दौतीतच पडला.

मिस्त्री हे रेल्वे कंपनीच्या वाघीण-दुरुस्तीच्या शेडमध्ये पत्र्याच्या कामावर होते. मालगाडीचा जो बंद डबा, त्यास आमच्याकडे वाघीण म्हणतात. अशा वाघिणींची छते ठोकणे, डांबरणे आणि पुन्हा ठोकणे यात त्यांचे आयुष्य गेले होते. माणूस दुधनीकडचा, म्हणजे घरात अर्धी कानडी आणि अर्धी मराठी. पाण्याला ते नेहमी कानडीतले 'नीरू' म्हणत, आणि ज्याच्याशी आपले जुने वैर आहे पण ज्याच्या हुशारीबद्दल मनात आदर आहे अशा एखाद्या गृहस्थाविषयी बोलावे, तसे त्या नीरूविषयी बोलत. "नीरूला घाई न्हाय, रायटर. ते बसतंय. तुमी खिळा मारून घरी गेला की मग उटतंय."

त्यांच्याजवळ सदैव एक तांब्याचा लोटा असे. लोकांना वाटे, माणूस सोवळ्याचा असावा. प्रत्यक्षात लोटा पिण्यासाठीही नव्हता आणि पूजेसाठीही नव्हता. कोठे नवा पत्रा ठोकलेला दिसला की मिस्त्री वर चढून त्याच्या सांध्यावर लोटाभर पाणी ओतीत आणि खाली येऊन पाहत बसत. एकदा भुसार आळीतल्या एका व्यापाऱ्याच्या गोदामावर भर दुपारी चढलेले असता त्यांना चोर म्हणून धरण्यात आले. व्यापारी खाली उभा राहून शिव्या देत होता आणि हे वरून सांगत होते, "शेट, शिव्या मागनं द्या, आदी आत जाऊन बगा, तुमच्या तुरीच्या पोत्यावर काय पडतंय का!" व्यापारी आत गेला. बाहेर आला तो शिव्या विसरला होता.

देवळात गेले तरी त्यांची दृष्टी प्रथम गाभाऱ्याच्या छताकडे जाई. त्यांची कारभारीण, एक ठेंगणी आणि तिखट बाई, हे सर्वांना सांगे. "मी इच्यारलं, आवं देव दिसला का? तर म्हनत्यात कसं, देव कोरडा हाय."

त्यांच्या स्वतःच्या घराचे माळवद, म्हणजे मातीचे सपाट छत, मात्र पावसाळ्यात चार ठिकाणी गळे. त्याबद्दल विचारले असता ते ओशाळून म्हणत, "त्ये मातीचं काम. मला येत न्हाय. मी पत्र्याचा मानूस." त्यावर आतून आवाज येई, "कंपनीच्या जोंधळ्यावर छत, आनि माज्या जोंधळ्यावर घमेलं!"

माझा पत्रा त्यांनी न बोलावता येऊन दुरुस्त केला. सर्व खिळे उपटून काढले. दोन पत्र्यांच्या कडा उभ्या वळवल्या, त्या दोन्हींवर पन्हळीसारखी पालथी टोपी घातली, आणि टोपीच्या आत जे आकडे बसवले त्यांत त्या कडा नुसत्या अडकवून ठेवल्या. मी हात लावून पाहिला तो पत्रा बोटभर सरकला.

"मिस्त्री, हे सैल राहिले."

"व्हय की. म्हनून गळनार न्हाय."

मी हसलो असेन. त्यांनी माझ्या पेटीवरचे दोन फुलस्केप कागद उचलले, त्यांना एक टाचणी टोचली आणि दोन हातांत धरून ते गाडीच्या चालीने हलवू लागले. खडक्-खडक्, खडक्-खडक्. थोड्या वेळाने त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. टाचणीचे भोक लांबून त्याची फट झाली होती. "ही झाली रिबीट मारलेली वाघीन. दुपारी आपल्या सोलापूरच्या उनात पत्रा वाडतोय, पाटंला आकसतोय, वर इंजिनाचं हिसकं. खिळा म्हनतोय, मी हलनार न्हाय. मग फाटनार कोन? पत्राच की." नंतर त्यांनी त्याच कागदांच्या कडा एकमेकींत दुमडल्या, बोटांत अलगद धरल्या आणि पुन्हा तितकाच वेळ हलवल्या. घडी तशीच राहिली. "त्याला खिळू नगा. धरून ठिवा."

या वेडाचे मूळ मला पुष्कळ उशिरा कळले, आणि तेही एकदाच त्यांच्या तोंडून आले. ते लहान असताना एका टंचाईच्या साली त्यांच्या गावाकडे धान्याची वाघीण आली होती. सगळे गाव स्टेशनात जमले. "दार उगडलं तर आत हिरवं," ते म्हणाले. "दान्याला मोड आलं हुतं. म्हातारी मानसं म्हनली, लई शुभ झालं. मग वास आला." एवढे बोलून ते लोट्याच्या काठावरून अंगठा फिरवीत बसले.

असे असता एके दिवशी ते खरोखरीच अर्जासाठी आले. नोकरीचे चारच महिने उरले होते. वाघिणीचे छत आपल्या पद्धतीने बांधून पाहण्याची परवानगी त्यांना वरच्या साहेबांकडून हवी होती. शेडच्या फोरमनला त्यांनी वर्षानुवर्षे सांगितले होते, आणि फोरमनने प्रत्येक वेळी "डांबर लाव आणि पुढच्या वाघिणीला लाग" असे उत्तर दिले होते.

"एक वाघीन द्या म्हनावं. मोडकी द्या. चार म्हैन्यांत झालं तर झालं, न्हायतर ह्ये माज्यासंगंच दुधनीला जातंय."

मी टाक झाडून म्हणालो, "सांगा."

त्यांनी जे सांगितले ते मला शब्दशः आठवते. "लिवा, की छत सैल ऱ्हाईल. हलंल. वाजंल. पर गळनार न्हाय."

येथे माझ्या व्यवसायाविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. अर्जदार जे बोलतो ते जसेच्या तसे कागदावर उतरवणे, एवढेच जर अर्जनवीसाचे काम असते, तर त्याची गरजच राहिली नसती. अर्जदाराच्या बोलण्यातील जो भाग त्यास घातक, तो गाळून योग्य मजकूर योजणे, हे आमचे कर्तव्य मानले जाते. सैल, हलणाऱ्या, वाजणाऱ्या छतास मंजुरी देणारा साहेब विलायतेत जन्मलेला नाही अशी माझी पक्की खात्री होती. माझ्या नमुन्यांच्या पुस्तकात एका पुलाच्या कंत्राटदाराचा इंग्रजी अर्ज होता. त्यातील एक भारदस्त वाक्य मी उचलले, ज्याचा अर्थ असा की, सदरहू काम सर्व बाजूंनी आवळलेले, दृढ आणि अचल राहील. ते मी छतास लावले.

लिहिलेला अर्ज अर्जदारास वाचून दाखवावा लागतो. मी अर्थ सांगत गेलो. त्या वाक्याशी आलो तेव्हा म्हणालो, "आणि पुढे रीतीचा मजकूर आहे." मिस्त्रींनी मान डोलावली आणि अंगठा उठवला. मी त्यांचे भले करीत आहे याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

अर्ज मंजूर झाला. लिंबाखाली मी तो आठवडा कोणत्या ऐटीत बसलो होतो हे मला आज आठवू नये असे वाटते. साहेबाने हुकूम दिला की एक जुनी वाघीण द्यावी, छत अर्जात लिहिल्याप्रमाणे बांधावे, आणि मग पाण्याने तपासावे.

अर्जात लिहिल्याप्रमाणे! फोरमन हा कागदाचा माणूस होता. तो कागद हातात घेऊनच वाघिणीपाशी उभा राहिला आणि त्याने मिस्त्रींना ते वाक्य मराठी करून ऐकवले. मिस्त्री म्हणाले, "मी असं सांगितलं न्हवतं." फोरमन म्हणाला, "खाली अंगठा कोणाचा आहे?" मिस्त्रींनी हातोडा उचलला. टोप्या त्यांच्याच बसल्या, कडा त्यांनीच वळवल्या, परंतु आकड्यांऐवजी चार-चार बोटांवर रिबिटी मारून सर्व छत आवळण्यात आले.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी मिस्त्री माझ्याकडे आले. त्यांना सर्व कळलेले होते आणि ते त्यांना कळले आहे हे मला ठाऊक नव्हते. मी त्यांना उत्साहाने म्हणालो, "मिस्त्री, उद्या तुमचे नाव होणार." ते माझ्या पत्र्याकडे पाहत होते.

"वाजतंय का अजून?"

"वारा आला की वाजते. पक्षकार कुरकुर करतात."

"गळतंय का?"

"थेंब नाही."

"मग?" एवढेच म्हणून ते गेले.

दुसऱ्या दिवशी मी कोट आणि रुमाल घालून शेडमध्ये गेलो. मिस्त्रींच्या सांगण्यावरून माझ्याजवळचे खराब झालेले लिहिलेले कागद वाघिणीच्या तळावर पसरण्यात आले, कारण थेंब पडला की शाई फुटते आणि लपवता येत नाही. इंजिनांस पाणी पाजण्याचा जो मोठा नळ, त्याखाली वाघीण उभी करून तिच्यावर घटकाभर पाणी सोडले. दार उघडले. सर्व कागद कोरडे. साहेब "शाबास" म्हणाला. फोरमनने साहेबाला आपण कसे जातीने उभे राहिलो ते सांगण्यास आरंभ केला. माझ्या डोळ्यांपुढे तर कंपनीच्या अर्जांची रीघच उभी राहिली.

मिस्त्री हात जोडून पुढे झाले. "साहेब, एक इनंती हाय. हिला मालगाडीला जोडून कुर्डुवाडीला आट दिस जाऊ-येऊ द्या. मग पानी घाला."

फोरमन दात-ओठ खाऊन कुजबुजला, "अरे, पास झालास की! गप्प बस आणि सलाम कर."

"हुबी वाघीन कुनाची बी गळत न्हाय," मिस्त्री म्हणाले. "लोकांचं दानं हुब्या वाघिनीतनं जात न्हाईत."

त्यांनी गप्प राहावयास काय हरकत होती? छत पास झालेले होते, बक्षीस ठरल्यासारखे होते, उरलेले महिने संपताच ते सन्मानाने दुधनीस गेले असते आणि ती वाघीण कोठे, कोणाच्या धान्यावर गळली हे त्यांना कधी कळलेही नसते. मी त्यांच्या जागी असतो तर सलाम केला असता. हे मी विचारपूर्वक लिहीत आहे.

वैशाखाचे ऊन होते. आठ दिवस वाघीण तापली, निवली, हिसके खाऊन आली. पुन्हा पाणी सोडले. दार उघडले तेव्हा तळावरचे निम्मे कागद निळे झाले होते. माझ्या अक्षरातले एकही वाक्य धड राहिले नव्हते.

साहेब रागावला नाही, पण कंटाळलेला दिसला. त्याने अर्ज मागवला, ते वाक्य वाचले, आणि फोरमनकरवी विचारले की, हे अचल छताचे डोके कोणाचे. मी चार पावलांवर उभा होतो. माझी अर्जनवीसाची सनद, माझी पेटी, लिंबाखालची माझी जागा हे सर्व त्या क्षणी मिस्त्रींच्या जिभेवर होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही.

"अर्ज माजा हाय, साहेब. अंगटा बी माजाच."

प्रकरण बंद झाले.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. ते दारात बसले होते. कारभारणीने मला पाहून भांडे आदळले. "आलं बगा लिवनारं. आता काय ऱ्हायलंय लिवायचं?" मी जे केले ते सर्व सांगितले. पुस्तक, पूल, कंत्राटदार, काही ठेवले नाही. मिस्त्री शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"तुमी माजं भलंच बगितलं, रायटर. त्ये मला ठावं हाय." मग म्हणाले, "पर जे हलतंय त्याला हलतंय म्हना की. त्यात काय बिगडतंय?"

घरी येऊन मी नमुन्यांचे पुस्तक बाजूस ठेवले आणि कोरा कागद घेतला.

मी दुसरा अर्ज लिहिला. तो मिस्त्रींच्या नावाने नव्हता. माझ्या जन्मात मी माझ्या स्वतःच्या नावाने केलेला तो पहिला अर्ज. त्यात असे लिहिले की, मागील अर्जातील अमुक वाक्य अर्जदाराने सांगितलेले नसून लेखनिकाने पदरचे घातलेले आहे, अर्जदाराचे म्हणणे याच्या नेमके उलट होते, आणि ते येणेप्रमाणे. खाली त्यांचे चार तुकडे जसे सांगितले तसे घातले, आणि माझी सही केली. लिंबाखालच्या माझ्या एका व्यवसायबंधूने तो वाचला आणि कपाळाला हात लावला. "अहो, न्हाव्याने गिऱ्हाइकाचा कान कापला तर तो निदान दवंडी तरी पिटत नाही! उद्या तुमच्याकडे कोण येईल?" त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. त्यानंतर वर्षभर माझ्या पेटीपुढची गर्दी कमी झाली.

अर्ज टाकून आलो आणि मिस्त्रींना सांगितले. ते म्हणाले, "सनद गेली तर?" मी म्हणालो, "गेली तर गेली." हे मी मोठ्या धैर्याने बोललो असे कोणी समजू नये. घरी जाऊन मी दोन दिवस नीट जेवलो नाही.

सनद गेली नाही. उत्तर मात्र पुष्कळ उशिरा आले, तोवर मिस्त्रींच्या नोकरीचे तीनच आठवडे उरले होते. साहेबाने तीच वाघीण पुन्हा दिली होती. या खेपेस मिस्त्रींनी आपल्या मताप्रमाणे बांधावे, आणि फोरमनने हात लावू नये. मिस्त्री त्या दिवसांत किती बोलले असतील कोण जाणे, पण त्यांच्या शेडमधील माणसे सांगत की ते पत्र्याशीच बोलत होते. रिबिटींची भोके पडलेले सगळे पत्रे काढून नवे घातले. एकाही पत्र्यात भोक नाही. पुन्हा आठ दिवसांच्या फेऱ्या ठरल्या. आणि त्यांनी साहेबापाशी एक अट घातली, की शेवटच्या फेरीला मोहोळहून सोलापूरपर्यंत आणि पुढे नळाखाली पाणी सुटेल तेव्हाही, आत रायटर बसतील.

"मी कशाला?" मी विचारले.

"कागद नुसतं भिजत्यात. तुमी सांगाल."

आज सोलापूरच्या मालधक्क्यावर तसल्या छताच्या थोड्या वाघिणी दिसतात. पुढे साहेबाची बदली झाली, नव्याने आलेल्याने आणखी बांधवल्या नाहीत, आणि ज्या आहेत त्यांवर कोणाचेही नाव नाही. हमाल त्यांना 'वाजती वाघीण' म्हणतात आणि साखर किंवा धान्य भरावयाचे असले की ती मागून घेतात. मिस्त्री दुधनीस गेले. तेथून त्यांचा निरोप एकदाच आला, की तिथल्या घराच्या माळवदावर पत्रा घातला आहे आणि कारभारीण आता वाजण्याबद्दल भांडते. परंतु या सर्वांपेक्षा मला ती मोहोळची दुपार अधिक आठवते.

वाघिणीचे दार ओढून घेतले तेव्हा आत इतका काळोख झाला की मला माझा हात दिसेना. मिस्त्रींनी एकदा सांगितले होते, की नीरूच्या आधी उजेड येतो, जिथून उजेड आला तिथून ते येणार. मी मान वर करून उजेड शोधू लागलो. सुईच्या टोकाएवढाही नव्हता. गाडीने हिसका दिला आणि डोक्यावर सगळे छत एकदम बोलू लागले. पत्रे सरकत होते, टोप्यांत घासत होते, करकरत होते, प्रत्येक वळणावर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जात होते. सारे आता माझ्या अंगावर येणार अशी माझी खात्री झाली. मी एका कोपऱ्यात सरकलो, मग दुसऱ्या कोपऱ्यात, आणि शेवटी मध्यभागी मांडी घालून बसलो, कारण ते सर्वत्र सारखेच हलत होते. पाकणी स्टेशन गेले असावे तेव्हा माझे भय ओसरले. मी ऐकू लागलो.

सोलापुरास गाडी थांबली, वाघीण सुटी झाली, ढकलली गेली. मग वरून नळ सुटला. पाणी पत्र्यावर असे आदळले की मी डोके खाली घातले. ते छताच्या उतारावरून पळताना ऐकू येत होते, टोप्यांपाशी थबकताना आणि पुढे जाताना ऐकू येत होते. मी दोन्ही तळहात पुढे पसरून बसलो होतो. घटका गेली. तळहात कोरडे होते, गुडघ्यांवरचे कागद कोरडे होते. फक्त माझे गाल तेवढे ओले होते, आणि ते छतातून नव्हते.

दार सरकले. उजेडात साहेब होता, फोरमन होता, शेडची माणसे होती. सर्वजण माझ्या मागे, तळाकडे आणि छताकडे पाहत होते. मिस्त्रींनी छताकडे पाहिले नाही. आयुष्यात प्रथमच ते माझ्या तोंडाकडे पाहत होते.

"हललं का?" त्यांनी विचारले.

"हलले," मी म्हणालो. "मोहोळपासून इथपर्यंत."

"मग तसंच लिवा."